‘रिस्पॉन्स आहे का?’ : कार्ड गेम पडद्यावर आणणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
ट्रेडिंग कार्ड गेमच्या व्हिडिओ गेम आवृत्त्या काढणारे प्रकाशक, डिझायनर आणि प्रोग्रामर यांस

सप्रेम नमस्कार.

रिचर्ड गारफिल्ड यांचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा ट्रेडिंग कार्ड गेम, म्हणजे जमवलेल्या कार्डांतून स्वतःचा डेक (पत्त्यांचा जोड) बांधून खेळायचा डाव, १९९३ साली आला. मायक्रोप्रोजने तो १९९७ मध्ये कॉम्प्युटरवर आणला आणि डिसेंबर १९९८ मध्ये पोकेमॉन व यु-गि-ओ हे तसलेच दोन डावही गेम बॉय या हातात धरायच्या गेम यंत्रावर येऊन बसले. म्हणजे तुमच्या या उद्योगाला पाव शतक उलटून गेलं. एवढ्या काळात चित्रं सुधारली, फॉइल चमकायला लागली, ड्रॅगन पडदा फाडून अंगावर यायला लागले. तक्रारी मात्र त्याच आहेत. खेळ नको तिथे थांबतो आणि हवा तिथे थांबत नाही. कार्ड का चाललं नाही ते कळत नाही. पत्ते नीट पिसले जातात यावर कोणाचा विश्वास नाही. आणि एक दिवस सर्व्हर बंद झाला की कपाट रिकामं.

आमच्या मते या सगळ्याचं मूळ एकच आहे. तुम्ही नियमपुस्तक कोडमध्ये उतरवलंत, टेबल उतरवायचं राहून गेलं. कागदी डावात नियमांच्या फटी समोरासमोर बसलेली दोन माणसं भरून काढतात. ‘रिस्पॉन्स आहे का?’ (मी खेळलेल्यावर तुला लगेच काही टाकायचंय का?) असं विचारतात, थांबतात, लांबलचक क्रिया ‘हे शंभर वेळा केलं समज’ म्हणून उरकतात, कोणी चुकलं तर का चुकलं ते सांगतात, नसलेलं कार्ड उसनं देतात. ही कामं नियमांत लिहिलेली नसतात, त्यामुळे तुमच्या कामाच्या यादीतही येत नाहीत. ती यादीत यावीत म्हणून हे पत्र.

सगळ्यात आधी त्या प्रश्नाबद्दलच.

मॅजिकमध्ये ज्या टर्नला हल्ला होतो, त्यात अपकीप, ड्रॉ, पहिला मेन, कॉम्बॅटची सुरुवात, अटॅकर, ब्लॉकर, डॅमेज, कॉम्बॅटचा शेवट, दुसरा मेन आणि एंड स्टेप अशा दहा ठिकाणी दोन्ही खेळाडूंना प्रायॉरिटी, म्हणजे काही खेळायची संधी, मिळते. कोणी काहीही खेळलं नाही तरी २० वेळा ‘पास’. असे १६ टर्न झाले तर ३२० क्लिक. टेबलावर हेच ‘अटॅक?’, ‘ओके’, ‘गो’ एवढ्यात होतं. त्यामुळे पडद्यावर ऑटो-पास लागतोच, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कुठे थांबायचं हे ठरवण्याच्या पद्धतीबद्दल.

बहुतेक गेम खेळाडूच्या हातात डोकावून ठरवतात: आत्ता खेळता येईल असं कार्ड आणि त्याला लागणारं मॅना (कार्ड खेळायला खर्चायची ऊर्जा) असेल तर थांब, नसेल तर पुढे सरक. खेळणाऱ्याला हे सोयीचं वाटतं, आणि समोरच्याला तर फारच सोयीचं. त्याने स्पेल (मंत्राचं कार्ड) टाकला, खेळ अर्धा सेकंद अडखळला, की त्याला कळतं, पलीकडे काहीतरी आहे. अडखळला नाही तर मैदान मोकळं. काउंटरस्पेल (समोरच्याचा स्पेल रद्द करणारं कार्ड) हातात असल्याचा नुसता आव आणणं हे या खेळातलं अर्धं कसब. तुमच्या सोयीने तेच मोडीत निघतं. यु-गि-ओमध्येही तोच प्रकार. त्याच्या ‘मास्टर ड्युएल’ या व्हिडिओ गेममध्ये ऑटो, ऑन आणि ऑफ असा तीन अवस्थांचा खटका आहे, ऑन ठेवला तर जागोजागी प्रश्न, ऑफ ठेवला तर हातातलं हॅंड ट्रॅप (समोरच्याला अडवायला हातातूनच टाकायचं कार्ड) तसंच राहतं, आणि ऑटोवर ठेवला तर अडखळण्यावरून समोरच्याला अंदाज.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. थांबण्याच्या जागा खेळाडूने आधी लावलेल्या खुणांवरून ठरवा, हातातल्या कार्डांवरून नाही. ‘मॅजिक अरिना’ या मॅजिकच्या डिजिटल आवृत्तीत अशा खुणा आहेत, कंट्रोल कळ दाबून पूर्ण ताबाही घेता येतो, पण हे नवख्याला कोणी सांगत नाही, आणि फोनवर तर कळही नसते. दुसरं, ऑटो-पास होतानाही खोटा विलंब घाला. तो ठरावीक ठेवू नका. दर वेळी बरोबर ०.८ सेकंद थांबत असाल तर आठवड्याभरात सगळ्यांना ०.८ पाठ होईल आणि त्याहून वेगळं काहीही दिसलं की खरा विचार चाललाय हे उघड होईल. खरे खेळाडू उत्तर द्यायला किती वेळ घेतात याची नोंद तुमच्या सर्व्हरवर पडलेलीच असते; विलंब त्याच वाटपातून यादृच्छिक उचला. सगळ्या दहा जागी तो घातलात तर खेळ रटाळ होईल, म्हणून समोरच्याने स्पेल टाकल्यावर, अटॅकर जाहीर झाल्यावर आणि एंड स्टेपला, एवढ्या तीन जागी घाला, आणि तेही ज्याच्याकडे हातात किमान एक कार्ड व न वापरलेलं मॅना आहे त्याच्याच बाबतीत. हातात कार्ड किती आणि मॅना किती हे तसंही दोघांना दिसतं, त्यामुळे त्यातून काही फुटत नाही. विलंब सर्व्हरवर व्हायला हवा. तो खेळाडूच्या फोनवर केलात तर नेटवर्कवरचे संदेश वाचणाऱ्याला खरं-खोटं लगेच वेगळं करता येतं. त्याच कारणासाठी डेकचा क्रम आणि समोरच्याच्या हातातली कार्डं खेळाडूच्या फोनपर्यंत पोचूच नयेत. पडद्यावर उलटं दाखवलेलं कार्ड मेमरीत सुलटं पडलेलं असेल, तर तो रडीचा डाव झाला, आणि तो तुम्हीच मांडून दिलेला.

दुसरी मागणी छोटी वाटेल, पण आमच्या दृष्टीने या पत्रातली सर्वांत मोठी तीच. ‘का नाही?’ असं एक बटण द्या.

यु-गि-ओचं उदाहरण घेऊ. एका मॉन्स्टरवर इंग्रजीत असं लिहिलंय, की हे कार्ड ग्रेव्हयार्डमध्ये (बाद कार्डांच्या ढिगात) गेलं ‘व्हेन’, ‘यू कॅन’ एक कार्ड उचला. खेळाडू त्याचा ट्रिब्यूट (बळी) देऊन मोठा मॉन्स्टर उतरवतो. आता कार्ड मिळायला हवं, तर पडद्यावर काहीच उजळत नाही. तो म्हणतो, बग आहे. बग नसतो. ट्रिब्यूट आधी ग्रेव्हयार्डमध्ये गेलं, मग नवा मॉन्स्टर उतरला, म्हणजे समन झाला. सर्वांत शेवटी घडलेली गोष्ट म्हणजे मॉन्स्टर उतरणं. ऐच्छिक ‘व्हेन’ला आपली घटना सर्वांत शेवटी घडलेली हवी असते, म्हणून त्याची वेळ हुकली. त्याच जागी ‘इफ’ लिहिलेलं असतं तर कार्ड मिळालं असतं. टेबलावर समोरचा खेळाडू किंवा जज हे अर्ध्या मिनिटात समजावतो. तुमच्या इंजिनने तर हे सगळं तपासलेलं असतंच, कारण तपासल्याशिवाय त्याने ‘नाही’ म्हटलंच नसतं. फक्त ते कारण फेकून देतं आणि कार्ड काळवंडून ठेवतं.

म्हणून तपासणीच्या प्रत्येक अटीला एक संकेतांक आणि एक ओळ जोडा. कार्डावर बोट दाबून धरलं की ती ओळ दिसावी: ‘वेळ हुकली: शेवटची घटना समन होती’, ‘या टर्नला एकदा वापरून झालं’, ‘लक्ष्य करता येईल असं काही नाही’, ‘समोरच्याच्या अमुक कार्डामुळे बंद’. एका वेळी अनेक अटी मोडत असतील तर सगळ्या दाखवा. पहिलीच दाखवलीत तर खेळाडू ती दुरुस्त करून पुन्हा अडकेल. एक खबरदारी घ्या: कारण समोरच्याच्या उलट्या ठेवलेल्या कार्डात असेल तर ते या ओळीत येता कामा नये.

आकड्यांनाही हेच लागू. मॅजिकमध्ये सतत चालू राहणारे परिणाम सात थरांत मोजले जातात, आणि ताकदीचे बदल सातव्या थरात येतात. २/२ (ताकद २, सहनशक्ती २) प्राण्यावर आधी +१/+१ काउंटर (दोन्ही आकडे एकाने वाढवणारी खूण) ठेवला, तो ३/३ झाला. मग कोणी ‘या टर्नपुरती मूळ ताकद ०/१’ असं कार्ड टाकलं. नवखा म्हणेल ०/१. उत्तर आहे १/२, कारण मूळ आकडा ठरवणारा परिणाम आधी लागतो आणि काउंटर त्यानंतर, मग काउंटर कितीही आधी ठेवलेला असो. पडद्यावर नुसतं १/२ दिसतं आणि हिशोब कुठेच नाही. आकड्यावर बोट ठेवलं की ‘मूळ २/२, अमुक कार्डामुळे ०/१, काउंटर +१/+१, एकूण १/२’ अशी उतरंड दिसली पाहिजे. किराणा दुकानातलं बिलसुद्धा एवढं सांगतं.

आता फेऱ्यांबद्दल, म्हणजे लूपबद्दल. कागदावर लूप दाखवायचा एक शिरस्ता आहे: एक फेरी पूर्ण करून दाखवायची, किती वेळा ते सांगायचं, समोरच्याला मध्ये कुठे अडवायचं असेल तर त्याने ती जागा सांगायची. पडद्यावर प्रत्येक फेरी हाताने. ‘स्क्यूट स्वॉर्म’ हे मॅजिकचं कार्ड पाहा. सहा किंवा जास्त लँड (मॅना देणारी जमिनीची कार्डं) असताना नवं लँड आलं की ते स्वतःची प्रत बनवतं, आणि प्रत्येक प्रतही तेच करते. एकाचे दोन, दोनाचे चार. अशी नऊ नवी लँड आली की ५१२. दहावं नवं लँड आलं की ५१२ ट्रिगर (आपोआप सुरू होणारे परिणाम) स्टॅकवर, म्हणजे सोडवायच्या परिणामांच्या चळतीवर. कागदावर पेनने ‘१०२४’ लिहिलं की झालं. पडद्यावर प्रत्येक ट्रिगरला अर्धा सेकंद ॲनिमेशन धरलं तर ४ मिनिटं १६ सेकंद, आणि तोवर टायमर कोणाचा चालू आहे हा वेगळाच प्रश्न. एकसारखे ट्रिगर एका गठ्ठ्यात गोळा करून एकदम सोडवा. मध्ये कोणाला रिस्पॉन्स द्यायचा असेल तरच गठ्ठा फोडा. लूप ओळखायचा असेल तर क्रियांचा तोच क्रम तीनदा घडला की ‘आणखी किती वेळा?’ अशी चौकट द्या आणि समोरच्याला ‘अमुक फेरीला थांबव’ म्हणायची मुभा द्या. आकड्याला कुठेतरी कमाल मर्यादा लागेलच. ती उघड लिहा, नाहीतर ३२ बिटांच्या आकड्याने २,१४७,४८३,६४७ ओलांडल्यावर लाइफ उणे झालेलं बघायला मिळेल.

आणि काही लूप कुठेच जात नाहीत. ‘नेक्सस ऑफ फेट’ हे जादा टर्न देणारं कार्ड वापरून झाल्यावर परत डेकमध्ये पिसलं जातं, त्यामुळे डेक कधी संपत नाही. खेळाडूकडे जिंकायचं साधन नसलं तरी टर्नमागून टर्न घेत बसता येत होतं. कागदावर जज उठवतो. अरिनात उठवणारं कोणी नव्हतं, म्हणून २०१९ मध्ये तिथल्या एका-डावाच्या सामन्यांत ते कार्डच बंद करावं लागलं. कार्ड बंद करणं हा जजच्या जागी कुलूप लावण्याचा प्रकार झाला. त्यापेक्षा सलग चार-पाच टर्न एकाच खेळाडूचे होऊन लाइफ, मैदानावरची कार्डं, काउंटर यात काहीच फरक पडला नाही, तर सर्व्हरने एक इशारा द्यावा आणि त्यापुढे डाव बरोबरीत सोडवावा.

घड्याळाबद्दल थोडक्यात. ‘मॅजिक ऑनलाइन’ बुद्धिबळासारखं घड्याळ वापरतं: तीन डावांच्या सामन्याला प्रत्येकी २५ मिनिटं. कागदी स्पर्धेत दोघांत मिळून ५० मिनिटं असतात, हिशोब तोच. ही पद्धत चांगली, फक्त क्लिकचा वेळ ज्याचा डेक गुंतागुंतीचा त्याच्या माथी बसतो. याउलट दर निर्णयाला वेगळी दोरी जाळणारे (उरलेला वेळ पडद्यावर जळत्या दोरीने दाखवणारे) गेम अडवणूक करणाऱ्याला दर वेळी नव्याने पूर्ण दोरी देतात. आम्हाला दोन्हींचं मिश्रण चालेल: मोठी पुंजी, प्रत्येक निर्णयाला पाच-सात सेकंद फुकट, आणि ॲनिमेशन चालू असताना कोणाचंच घड्याळ चालू नाही. एवढं शेवटचं तरी करा. तुमचा ड्रॅगन डरकाळी फोडतो त्याचे पैसे आमच्या वेळेतून का कापायचे?

पोकेमॉनसाठी एक जोड. ६० कार्डांतली ६ प्राइझमध्ये (सुरुवातीला उलटी बाजूला ठेवायच्या बक्षीस-कार्डांत) जातात, म्हणजे डेकमध्ये एकच प्रत असलेलं कार्ड प्राइझमध्ये अडकण्याची शक्यता बरोबर १० टक्के. म्हणून जाणता खेळाडू पहिल्यांदा डेक शोधायला मिळाला की सगळी कार्डं मोजून प्राइझमध्ये काय गेलं ते ताडतो. त्या एका शोधाला जास्त वेळ द्या आणि शोधाच्या पडद्यावर कार्डं नावाने लावायची सोय ठेवा. मोजून मात्र देऊ नका. ते खेळाडूचं काम आहे.

आता पिसण्याकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त शिव्या तिथेच पडतात. बऱ्याचशा शिव्या अन्यायाच्या आहेत, हेही लिहून ठेवतो. ६० कार्डांत २४ लँड असलेल्या डेकमधून ७ कार्डांचा हात उचलला तर शून्य किंवा एकच लँड, किंवा सहा-सात लँड येण्याची शक्यता साधारण १५.६ टक्के भरते. दर सहा-सात डावांत एकदा हात रद्दी येणारच. टेबलावर माणूस नशिबाला बोल लावतो, पडद्यावर कंपनीला.

पण काही शिव्या रास्त असतात. पिसण्याचा कोड चुकणं फार सोपं आहे. तीन कार्डं घ्या. प्रत्येक जागेवरच्या कार्डाची तिन्हींपैकी कुठल्याही जागेशी अदलाबदल केली तर ३ × ३ × ३ म्हणजे २७ वाटा होतात. क्रम मात्र सहाच. २७ ला ६ ने भाग जात नाही, तेव्हा सगळे क्रम सारखे येणं अशक्य: तीन क्रम २७ पैकी ५ वेळा येतात आणि तीन ४ वेळा. फिशर-येट्स पद्धतीत दर पायरीला फक्त उरलेल्या कार्डांतून निवडायचं असतं, ३ × २ × १, सहा वाटा आणि सहा क्रम. एका ओळीचा फरक. दुसरी चूक बीजाची, म्हणजे सीडची: ज्या एका सुरुवातीच्या आकड्यावरून सगळं पिसणं ठरतं त्याची. ३२ बिटांच्या सीडमधून जास्तीत जास्त ४२९ कोटी क्रम निघतात. ६० वेगवेगळ्या कार्डांचे क्रम ८ पुढे ८१ शून्यं इतके होतात. ते सगळे शक्य असायला किमान २७३ बिट लागतात. चार-चार प्रतींमुळे वेगळे दिसणारे क्रम कमी होतात हे खरं, तरी ३२ बिटांत काही बसत नाही. त्यात सीड घड्याळावरून घेतला असेल तर आणखी कमी. १९९९ मध्ये एका ऑनलाइन पोकरच्या पिसण्यात नेमकं हेच सापडलं होतं: सर्व्हरची वेळ साधारण माहीत असली आणि मोजके पत्ते दिसले की बाकीचे काढता येत.

विश्वास हवा असेल तर पडताळणी द्या. सामना सुरू होताना सर्व्हरने आपल्या सीडचा हॅश (ज्यावरून मूळ आकडा काढता येत नाही, पण नंतर ताडून बघता येतो असा ठसा) दोघांना पाठवावा. प्रत्येक खेळाडूच्या फोननेही थोडी यादृच्छिकता मिसळावी, म्हणजे सर्व्हरला हवा तसा सीड निवडता येणार नाही. सामना संपल्यावर सीड उघड करावा. इथे एक खाच आहे. एकच सीड दोघांसाठी वापरलात तर तो उघड होताच समोरच्याची न खेळलेली कार्डंही उघडी पडतात. प्रत्येक डेकचा सीड वेगळा ठेवा आणि ज्याचा डेक त्यालाच तो दाखवा.

अरिनात एका-डावाच्या सामन्यांत सुरुवातीचा हात एकाहून जास्त वेळा काढून डेकमधल्या लँडच्या प्रमाणाला जवळचा असेल तो दिला जातो. हे कंपनीने जाहीर केलंय, आणि नवख्यांसाठी ते बरंही आहे. पण त्याची किंमत कळायला हवी: तिथे २२ लँडवर गुळगुळीत चालणारा डेक तीन डावांच्या सामन्यात किंवा कागदावर नेला की अडखळतो, कारण तिथे हात निवडून मिळत नाही. डेक बांधण्याच्या पडद्यावरच ‘या प्रकारात सुरुवातीचा हात सुधारून दिला जातो’ अशी एक ओळ पुरे.

खेळ लहान केला तर आमची हरकत नाही, उलट स्वागत आहे. यु-गि-ओच्या ‘ड्युएल लिंक्स’ने ४००० लाइफ, तीन मॉन्स्टर जागा आणि २० ते ३० कार्डांचा डेक घेतला. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ‘पोकेमॉन पॉकेट’ने २० कार्डं आणि जिंकायला तीन पॉइंट ठेवले, एनर्जी कार्डं काढूनच टाकली. हे सरळ सांगतात की आम्ही वेगळा, छोटा डाव आहोत, बसच्या रांगेत संपणारा. पंचाईत होते ती त्याच नावाच्या कार्डावर वेगळा मजकूर छापला की. डिसेंबर २०२१ मध्ये अरिनात ‘अल्केमी’ हा नवा खेळप्रकार आला आणि काही छापील कार्डांच्या बदललेल्या आवृत्त्या नावाआधी छोटीशी खूण घालून वावरायला लागल्या. डोक्यात कागदावरचं कार्ड, पडद्यावर दुसरंच. बदल करायचे असतील तर नाव बदला, चौकटीचा रंग बदला. नावाआधीचं एक अक्षर फोनवर कोणाला दिसतं?

पॅक (आत कोणती कार्डं निघतील ते आधी न कळणारी पाकिटं) आणि पैशांबद्दल. नैतिक प्रवचन द्यायचं नाही, गणित तेवढं मांडतो. एका सेटमध्ये ६० रेअर (दुर्मिळ) कार्डं आहेत, पॅकमागे एक मिळतं, आणि डुप्लिकेटपासून काही संरक्षण नाही असं धरा. प्रत्येकाची एकेक प्रत जमवायला सरासरी २८१ पॅक लागतात. त्यातले सरासरी ६० पॅक एकट्या शेवटच्या कार्डासाठी. संरक्षण असेल तर ६० पॅकमध्ये काम होतं. म्हणजे डुप्लिकेट संरक्षण ही सवलत नसून किमतीत जवळजवळ पाचपट फरक करणारी बाब आहे, आणि ती दुकानाच्या पडद्यावर छापली पाहिजे. अरिनात रेअर कार्डांना हे संरक्षण आहे. ‘मास्टर ड्युएल’मध्ये साधं कार्ड मोडलं की त्याच दर्जाचे १० पॉइंट मिळतात आणि नवं बनवायला ३० लागतात. तीन द्या, एक घ्या. कडू असलं तरी कळतं, आणि ठरवता येतं. जे कळत नाही तेच टोचतं. मासला म्हणून प्लेस्टेशनवरचं यु-गि-ओचं जुनं ‘फॉरबिडन मेमरीज’ घ्या. छापील कार्डावरचा आठ आकडी क्रमांक टाकून तेच कार्ड गेममध्ये मिळवायची त्यात झकास सोय होती. फक्त ‘ब्लू-आइज व्हाइट ड्रॅगन’ची किंमत होती ९,९९,९९९ स्टारचिप्स (गेममधलं चलन), आणि एका विजयातून जास्तीत जास्त ५ मिळायच्या. दोन लाख डाव जिंका आणि हातातलंच कार्ड पडद्यावर बघा.

अदलाबदलीला तुम्ही का घाबरता ते समजतं. एक माणूस पन्नास खाती उघडतो, फुकट पॅक फोडतो आणि सगळं एका खात्यात ओततो. म्हणून ‘पोकेमॉन टीसीजी ऑनलाइन’मध्ये (टीसीजी म्हणजे ट्रेडिंग कार्ड गेम) असलेली अदलाबदल त्यानंतर आलेल्या ‘पोकेमॉन टीसीजी लाइव्ह’मध्ये उरली नाही. ‘पॉकेट’ने जानेवारी २०२५ मध्ये ती आणली, पण त्यासाठी लागणारी टोकन मिळवायला दुसरी दुर्मिळ कार्डं खर्ची घालावी लागत. खेळाडू इतके वैतागले की पुढे ती टोकन काढावी लागली. आमची सूचना वेगळी आहे: देणंघेणं जमत नसेल तर उसनं देऊ द्या. खासगी सामन्यात मित्राचा संपूर्ण डेक वापरता यावा. त्या डावात बक्षीस नाही, क्रमवारी नाही, डाव संपला की डेक परत. पन्नास खाती उघडून यातून काही कमावता येत नाही. असाच एक सरावाचा ओटा द्या, जिथे गेममधलं कुठलंही कार्ड घेऊन एकट्याने हात उचलून बघता येतील, पहिल्या चार टर्नला डेक काय करतो ते तपासता येईल. टेबलावर हे प्रिंटआउट कापून, स्लीव्हमध्ये घालून चालतं. डेक चालतो हे दिसलं की माणूस पॅक विकत घेतो, हेही तुमच्या हिशेबात धरा.

किरकोळ म्हणून टाळल्या जाणाऱ्या काही गोष्टी एका दमात: कार्डाचा मजकूर चित्रात छापलेला नको, वेगळ्या चौकटीत मोठा करता येणारा हवा. दुर्मिळपणा नुसत्या रंगाने दाखवू नका, आकारही वेगळा ठेवा. डेकची यादी साध्या मजकुरात आत-बाहेर करता यावी, ‘४’, कार्डाचं नाव, सेट, क्रमांक, बस. फॉइलची चमक बंद करायचा खटका द्या, बॅटरी वाचते. आणि संपर्क तुटून परत जोडला की मधल्या काळात काय घडलं त्याची यादी आधी दाखवा, मग घड्याळ सुरू करा.

चाचणीबद्दल एक. नवा सेट आला की जुनं कार्ड मोडतं, हे सगळीकडे होतं, कारण प्रत्येक नवं कार्ड आधीच्या हजारोंना भिडतं. प्रत्येक खरा सामना म्हणजे सीड आणि क्रियांची यादी. जागा काही किलोबाइट. असे निवडक सामने साठवा, दर अपडेटनंतर इंजिनवर पुन्हा चालवा आणि प्रत्येक क्रियेनंतरच्या स्थितीचा हॅश जुन्याशी ताडून बघा. जिथे पहिल्यांदा फरक पडेल तिथेच चूक, किंवा मुद्दाम केलेला बदल. खेळाडूच्या तक्रारीच्या बटणानेही हीच यादी आपोआप जोडावी. ‘कृपया स्क्रीनशॉट पाठवा’ या उत्तराने आजवर एकही लूप सापडलेला नाही.

शेवटी बंद होण्याबद्दल, कारण तो दिवस तुमच्या प्रत्येक गेमला येणार आहे. ‘पोकेमॉन टीसीजी ऑनलाइन’ ५ जून २०२३ ला बंद झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेम बॉयवरचा १९९८ चा पोकेमॉन कार्ड गेम निन्टेन्डो स्विचवर पुन्हा खेळायला मिळाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये यु-गि-ओचे जुने १४ हँडहेल्ड गेम एका संचात निघाले. जुन्या कार्ट्रिजमधली बॅटरी संपते, सेव्ह जातो, पण गेम सुरू होतो आणि समोर कोणीतरी खेळायला बसलेलं असतं. सर्व्हरवरच्या गेमला ही सोय नाही, म्हणून ती पहिल्या दिवसापासून बांधून ठेवावी लागते. नियमांचं इंजिन सर्व्हरच्या बाकी पसाऱ्यापासून वेगळं ठेवलंत, तर शेवटच्या वर्षी ते फोनवरच चालवणारी आवृत्ती काढणं थोडक्यात होतं. आत गुंतवून टाकलंत तर नंतर कोणी हात लावणार नाही. बंद करण्याच्या किमान सहा महिने आधी पैसे घेणं थांबवा. संग्रह, डेक आणि सामन्यांचा इतिहास साध्या फाइलमध्ये उतरवून द्या. मग सगळी कार्डं खुली असलेली, कॉम्प्युटरशी आणि एकाच वायफायवरच्या मित्राशी खेळता येणारी शेवटची आवृत्ती सोडा. परवान्यामुळे चित्रं देता येत नसतील तर नुसता मजकूर असलेली कार्डं चालतील. कॉम्प्युटर खेळाडू साधा असला तरी चालेल, फक्त त्याने आमच्या हातात डोकावू नये.

यातलं सगळं एका अपडेटमध्ये होणार नाही, याची कल्पना आहे. सुरुवात ‘का नाही?’ या बटणापासून करा. ते आल्यावर कुठल्या कार्डाचं कारण चुकीचं दिसतंय याची पहिली यादी आम्ही पाठवू, सीड आणि क्रियांसकट.

आपले,
कागदावर आणि पडद्यावर दोन्हीकडे डाव मांडणारे, नियम शिकवणारे आणि डेक बांधणारे खेळाडू